तुकडा विकत घ्या, पण हिशेब मागा

युद्धातल्या विमानाचा पत्रा कापून केलेले बिल्ले हल्ली जगभर विकले जातात. बोटभर तुकडा, त्यावर विमानाचं नाव, एक क्रमांक आणि किल्ली अडकवायला भोक. डोंबिवलीतून मागवला तरी कुरिअरने घरपोच येईल. हौसेला माझा विरोध नाही. पण पैसे देण्याआधी विचारा: हे विमान निवृत्त होऊन मोडीत निघालं की कुठे कोसळलं? कोसळलं असेल तर आत कोण होतं? ब्रिटनमध्ये १९८६पासून कायदाच आहे, कोसळलेल्या लष्करी विमानाचे अवशेष परवान्याशिवाय उकरणं गुन्हा. कारण त्या पत्र्याखाली अनेकदा माणूस असतो. ज्या तुकड्यासोबत हा इतिहास मिळत नाही, तो घेऊ नये, कितीही चकाकला तरी.

आणि भंगार म्हणजे शेवट, असंही नाही. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला अमेरिकन लिबरेटर बॉम्बर विमानं मुद्दाम निकामी करून टाकली. ती पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून. १९४८च्या सुमारास हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्याच ढिगातून चाळीसेक विमानं कामचलाऊ डागडुजी करून बंगळूरला उडवत नेली आणि तिथे नीट उभी केली. वायुदलाने ती १९६८पर्यंत वापरली; एक स्क्वाड्रन आपल्या पुण्यातच होतं. आज परदेशी संग्रहालयांत लिबरेटर पाहायला मिळतं, त्यांतली काही भारतातूनच गेलेली आहेत. एकही बिल्ला न कापता आपण तेव्हा इतिहास जपला होता!

नंतर काय बिनसलं? १९७१मध्ये जिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं झेपावली, ती ‘विक्रांत’ १९९७ला निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि अखेर सुमारे ६० कोटींना भंगारात गेली. २०१४च्या अखेरीस दारूखान्यात तोडकाम सुरू झालं. २०१६मध्ये तिचं पोलाद वापरलेली मोटरसायकल बाजारात आली, तेव्हा लोकांना अभिमान वाटला. जहाज वाचवायला पैसे नव्हते, टाकीवरच्या बोधचिन्हाला होते. हे मला आजही बोचतं.

आता जरा घराजवळ या. कल्याणहून मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला महायुद्धातली धावपट्टी आहे. तिच्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्धानंतर त्या परत मिळायला हव्या होत्या, असं गावकरी म्हणतात. संरक्षण खातं म्हणतं, जमीन आमची. २२ जून २०१७ला हा वाद रस्त्यावर आला, गाड्या जळाल्या, पोलीस आणि गावकरी दोन्हीकडचे जखमी झाले. महायुद्धाच्याच काळातला कल्याणचा लष्करी कॅम्प फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचं घर झाला आणि त्याचं उल्हासनगर झालं. तिथे पत्ता अजूनही कॅम्प नंबरनेच सांगतात. म्हणजे युद्ध आपल्या पत्त्यात आहे, सातबाऱ्यात आहे, आणि आपण त्याची आठवण परदेशी दुकानातून मागवायची?

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीकाठी, ‘टी-८०’ ही निवृत्त युद्धनौका आणून ठेवली आहे. चांगलं काम आहे. शिवरायांच्या आरमाराशी ज्या काठाचं नाव जोडलेलं आहे, तिथे ती शोभते. पण तिच्या शेजारी एक दालन नेवाळीसाठी हवं. धावपट्टीचे नकाशे, त्या वेळच्या फेरफार नोंदी, कुणाची किती जमीन गेली त्याची यादी, आणि घरातल्या थोरांकडून ऐकलेलं गावकऱ्यांच्याच आवाजात. ज्यांनी ती धावपट्टी तयार होताना पाहिली, ते आता नव्वदीच्या आसपास असतील. महापालिकेने रेकॉर्डर घेऊन माणसं याच महिन्यात पाठवावीत; दालनाचं टेंडर मागाहून निघालं तरी चालेल.