बिनपरवान्याचं प्रसाधन

मे महिन्यात रत्नागिरीत कुणाकडे गेलात तर घरातल्या पोरांच्या तोंडाकडे जरा निरखून पाहा. ओठाच्या कडेला काळपट चट्टा, हनुवटीवर फोड, वर खोबरेल चोपडलेलं. विचारलंत तर आजी विळीवरून मान वर न करता सांगेल, "चीक लागलाय, दुसरं काय! देठ पिळल्याशिवाय रायवळ तोंडाला लावू नको म्हटलं, तर ऐकतंय कोण?"

हापूस असो की रायवळ, देठ मोडताक्षणी जी चिळकांडी उडते तो चीक सगळ्यांत जहाल. तेल आणि राळ यांचं ते मिश्रण. आंब्यावर ओघळलं तर सालही काळी पडते. म्हणून बागायतदार आंबा देठासकट उतरवतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी 'नूतन झेला' काढला. पोरांच्या ओठांसाठी अजून कुणी काही काढलेलं नाही.

आता कायद्याची गंमत. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे स्वच्छतेसाठी, सौंदर्यासाठी किंवा रूप पालटण्यासाठी अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. चिकाने रूप पालटतं, याबद्दल आमच्या आळीत दुमत नाही. पण कायद्याला हेतू लागतो, आणि आंब्याच्या मनात तसलं काही नसतं. सुटला बिचारा!

त्याच्या भाऊबंदांचं मात्र सगळं कागदोपत्री. बिब्बा आंब्याच्याच कुळातला. त्याचं नाव औषध नियमांतल्या ई(१) या विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात आहे. पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधात तो असला तर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापावा लागतो. दृष्ट लागू नये म्हणून बाळाजवळ बिब्बा बांधताना ते परिशिष्ट कोण उघडतो? याच कुळातली रुमी मस्तकी म्हणजे ग्रीसच्या खिऑस बेटावरच्या झाडाची राळ. ती क्रीमच्या डबीवर लॅटिन नावाने मिरवते. १९९७ सालीच युरोपने तिला तिच्या गावाच्या नावाचं संरक्षण दिलं. आमच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळायला २०१८ उजाडलं.

कुळाबाहेरच्या राळांचीही तीच तऱ्हा. पेरू बाल्सम कच्चा असेल तर सुगंधासाठी वापरायला युरोपात बंदी, पण त्याचा अर्क ०.४ टक्क्यापर्यंत चालतो. हे असं दशांशात मोजलेलं मला आवडतं. निदान कुणीतरी मोजलं. 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक' म्हणणाऱ्या जाहिरातवाल्यांना मात्र हंगामात एकदा आमच्या बागेत देठ मोडायला बसवावं. तरी एकाच घरात एकाचं तोंड सुजतं आणि धाकटा टोपलीभर रायवळ चोखून खुशाल हिंडतो, हे कुठल्याही यादीत बसत नाही.

तेव्हा आंबे खाण्याआधी पाण्यात टाका, देठाकडचे पहिले थेंब पिळून टाका. आणि क्रीम नवं असेल तर, डबीवर काहीही छापलेलं असो, आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबा.