शहाण्यांनी या वाटेला जाऊ नये

मराठ्यांचा इतिहास शहाणपणाने सांगायचा, तर त्याची सोय 1826 सालीच झालेली आहे. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफने तो तीन खंडांत छापला. पुस्तक उघडावे, उतरवून घ्यावे, दुपारी झोप काढावी. प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीत पहिला वार शिवाजी महाराजांनी केला, तोही दग्याने, असे डफ सांगतो. आधी खानाने मान बगलेत आवळून जमदाड चालवली, असे सभासद बखर म्हणते. पण बखर काढून पडताळत बसणे हा वेडेपणा आहे.

मी या वेडेपणाचा भक्त आहे.

डफने काम मन लावून केले, साताऱ्याची कागदपत्रे पाहिली, हे मानलेच पाहिजे. पण नुकतेच जिंकलेले राज्य तो जेत्याच्या नजरेने पाहत होता. पुण्यात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी चाळीसेक वर्षांनी त्याच्यावर टीका लिहिली, आणि वेड गावात शिरले. मग आले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. संसार नाही, नोकरी नाही, हाताने रांधून खायचे आणि गावोगाव वाडे धुंडाळायचे. माळ्यावरचे कागद कसरीने खाल्लेले, काही रद्दीत गेलेले. हा माणूस उरलेले उतरवत बसे. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, एकूण बावीस झाले. कुणी शहाणा हे करील?

मोडी कागद हातात घेतल्याशिवाय या वेडाची गोडी कळत नाही. कागद बांधलेला रुमाल सोडला की जुनाट वास येतो. बोरू न उचलता लिहिलेली ओळ, शब्द कुठे तुटतो ते आपणच ठरवायचे. तारखेच्या जागी छ, चंद्राचा आकडा, जमादिलावलसारखा हिजरी महिना. पुष्कळदा साल नाहीच! ज्याला पत्र धाडले त्याला साल ठाऊक होते, मग लिहायचे कशाला? आता त्या एका आकड्यासाठी जंत्री घेऊन दिवसचे दिवस घालवायचे.

आणि फळ काय? महाराजांचे जन्मसाल डफने 1627 दिले. तो परका म्हणून चुकला म्हणावे, तर आपल्या बखरीही तेच सांगत होत्या. 1916 साली टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे तिथीवार नोंदींची जुनी यादी, प्रसिद्ध केली. तीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. त्या एका नोंदीने डफबरोबर आपल्या बखरकारांनाही दुरुस्त केले. खरा वेडा ओळखायचा तो इथे. कागद आपल्या बाजूने बोलला की नाचणारे पुष्कळ असतात. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालात जी लूट केली, ती गंगाराम या बंगाली कवीने लिहून ठेवली आहे. तीही ज्याला मान खाली घालून वाचता येते, त्यालाच डफवर बोट ठेवण्याचा हक्क आहे.

माझ्यापुढे तीन दिवस एकच पत्र आहे. गुरुवार आणि छ 7 जुळतात अशी तीन साले जंत्रीत निघाली. शेवटच्या ओळीत कुणाच्या तरी आजारपणाचा उल्लेख आहे, पण नेमके नाव कसरीने खाल्ले आहे. उजेड गेला तसा रुमाल बांधून ठेवला. उद्या भिंग घेऊन पुन्हा बसायचे आहे.