मांडीवरचा टाळकरी

आमच्या स्पीकरच्या जोडीने गेली बावीस वर्षं इमानेइतबारे चाकरी केली. माझी तक्रार एकच. भीमसेनजींची ‘अभंगवाणी’ लावली की पंडितजी समोर बसून गायचे, पण टाळ मात्र कुणीतरी पंच्यात गुंडाळून वाजवतंय असं वाटायचं.

औषध सोपं होतं : डोक्यावर वेगळा ट्वीटर बसवायचा. तापकीर गल्लीत, पासोड्या विठोबाच्या हाकेच्या अंतरावर, हॉर्नवाल्या ट्वीटरची जोडी घेतली. दुकानदाराने सोबत ‘टू पॉइंट टू’चे दोन कंडेन्सर दिले. आठ ओहमच्या ट्वीटरला हा २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की साधारण ९००० हर्ट्‌झच्या खालचे सूर दारातच गळायला लागतात. म्हणजे गळा आणि तबला जुन्यांकडे, टाळांची किणकिण नव्याकडे. वाटणी चोख.

रात्री अभंग लावला आणि टाळकरी थेट माझ्या मांडीवर येऊन बसला. पंडितजी गेले गॅलरीत. शब्दात ‘स’ आला की असा सूं आवाज निघे, की सौभाग्यवती आतून धावत आल्या.

“अहो, कुकर तर केव्हाच उतरवला. मग शिटी कसली?”

आधी वाचायचा असतो तो कागद मी मग वाचला. एक वॅट दिला की एक मीटरवर आमचे स्पीकर ८६ डेसिबल भरत, ट्वीटर ९८. फरक फक्त बाराचा. पण डेसिबलमधले बारा म्हणजे भाजीवाल्याचे बारा नव्हेत. ट्वीटर एका वॅटवर जेवढा किंचाळतो, तेवढा आवाज काढायला स्पीकरला सोळा वॅट लागतात.

यावर उतारा दोन रेझिस्टन्सचा. एक वाटेत बसतो, दुसरा ट्वीटरच्या दोन टोकांना आडवा. ट्वीटर दबतो, पण ॲम्प्लिफायरला मात्र पहिल्यासारखे आठच ओहम दिसतात. घरातली कुरबुर शेजारी कळू नये, तशी ही सोय. हिशेबाने बारा कापायचे होते. पण पैसे मोजून आणलेल्या वस्तूचा इतका आवाज दाबणं माझ्या जिवावर आलं. चार आणि आठ ओहम लावून सहाच कापले. टाळकरी मांडीवरून उठून समोरच्या सतरंजीवर गेला. मी तृप्त.

“बाबा, कानात सुया टोचतायत,” सोळा वर्षांची कन्या म्हणाली.

“टाळ आहेत ते.”

“तुमचे कान तपासू या का?”

तिने मोबाइलवर बारीक शिटी लावली आणि हळूहळू वर चढवत नेली. अकरा हजारांवर मी विचारलं, “बंद केलीस का?” सौभाग्यवती बारा हजारांपर्यंत टिकल्या. कन्या सतरा हजारांवरही तोंड वाकडं करत होती. म्हणजे जो मजला मी एवढ्या हौसेने चढवला, त्याचा जिना माझ्यासाठी दुसऱ्याच पायरीला संपत होता. तिथवर काही पोचावं म्हणून मी आवाज ठेवला होता, आणि वरच्या मजल्यावर राहणारी पोरगी हैराण होती.

मुकाट्याने हिशेबाप्रमाणे वाटेत सहा आणि आडवा २.७ ओहम लावला. आता पंडितजी जागेवर आले, ‘स’ची शिटी गेली. ट्वीटर वाजतोय की नाही, ते मात्र मला कळेना.

“आता नवीन काय ऐकू येतंय?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“काहीच नाही. तीच तर खुबी आहे.”

“काही ऐकू येऊ नये म्हणून एवढे पैसे?”

याला उत्तर नव्हतं. म्हणून त्यांच्या नकळत मी मागून ट्वीटरच्या वायरी काढल्या. अभंग चालूच होता. मी कान टवकारले. तसूभर फरक नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून, पुस्तकातून डोकंही वर न काढता, आवाज आला :

“बाबा, टाळवाले कुठे गेले?”

मी सौभाग्यवतींकडे बघितलं आणि जाणकारासारखी मान डोलावली.

“बघितलंस? लगेच कळतं.”