घेऊन ठेवलंय

नानांसमोर जपून बोलावं लागतं. गुपित फुटेल अशी भीती नाही, त्या बाबतीत माणूस पोटात ठेवणारा. पण बोलण्यात एखादा बरा शब्द आला की तो नाना उचलतात. परवा जिन्यात मी सहज म्हणालो, "यंदा पावसाळा लांबला." नानांचे डोळे बारीक झाले, अंगठा मोबाइलवर फिरला आणि मिनिटभराने निकाल आला, "गेलंय. डॉट इन आहे शिल्लक, पण त्यात राम नाही." पाऊस बिचारा बाहेर पडतच होता.

नाना डोमेनवाले. म्हणजे इंटरनेटवरची नावं विकत घ्यायची, वर्षाचे पैसे भरून राखायची आणि एक दिवस कुणीतरी मोठा माणूस गाडी घेऊन येईल व तेच नाव दसपट-शंभरपट दराने मागेल याची वाट बघायची, हा त्यांचा उद्योग. त्या न आलेल्या माणसाला धंद्यात 'एंड यूजर' म्हणतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत या एंड यूजरची वाट इतकी वर्षं पाहिली गेली आहे की वॉचमनलाही तो माहीत आहे.

२००१ साली सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्तीत नाना बाहेर पडले. बरोबरच्यांनी पैसे मुदतठेवीत टाकले, कुणी बदलापूरला प्लॉट घेतला. नानांनी मात्र पेपरात वाचलं होतं की १९९९ मध्ये 'बिझनेस डॉट कॉम' हे नुसतं नाव पंच्याहत्तर लाख डॉलरला गेलं. दुकान नाही, माल नाही, नाव! "ही इंटरनेटवरची एन.ए. जमीन आहे," ते तेव्हापासून सांगत आलेत, "सातबारा नाही, तलाठी नाही, कुंपणाला कुणी हात लावत नाही." तलाठी नाही हे खरं, पण सारा दरवर्षी आणि डॉलरच्या भावाने भरावा लागतो, हे ते सांगत नाहीत. ते काकू सांगतात.

त्यांच्याकडे सव्वाशे-दीडशे नावं असावीत. नक्की आकडा ते काकूंच्या देखत उच्चारत नाहीत. डॉट कॉमचं एक नाव राखायला वर्षाला हजाराच्या आसपास लागतात, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख यांच्या शेजारी लाल पेनाने बारीक 'रि.' लिहिलेलं असतं. रि. म्हणजे रिन्यूअल. एका वर्षी संकष्टीच्या चौकोनात तीन रि. आले होते आणि काकूंनी त्या दिवशी उपास दोघांनाही घडवला.

नानांचं आयुष्यभराचं दुःख एकच, उशिरा जन्मल्याचं नव्हे, उशिरा कळल्याचं. "फुकट होतं हो! पंच्याण्णवच्या सप्टेंबरपर्यंत फुकट!" हे ते अजून अशा आवाजात म्हणतात की नवख्याला वाटावं, घरात काही वाईट झालं. खरंच, १९८५ साली पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं तेव्हापासून दहा वर्षं नाव घ्यायला पैसेच पडत नव्हते. मग दोन वर्षांना शंभर डॉलर लागले. "आणि पंच्याण्णवलाच बॉम्बेचं मुंबई झालं. आणि मी काय करत होतो? कल्याण शाखेत चेक पास करत होतो."

त्यामुळे पुढे नामांतराचा विषय निघाला की नाना सावध. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव होण्यावर चावडीपासून कोर्टापर्यंत दोन बाजू पडल्या होत्या. नानांची तिसरी बाजू होती, स्पेलिंगची. धाराशिवात 'ए' एक की दोन? शेवटचा 'व' कुठला घ्यायचा? पुढे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा तर 'ल्य' ने त्यांचा घाम काढला. लॉज, ट्रॅव्हल्स, प्रॉपर्टी असे शब्द मागे जोडून त्यांनी बरीच नावं घेऊन ठेवली. कुठल्या लॉजवाल्याचा फोन आल्याचं ऐकिवात नाही.

'घेऊन ठेवलंय' हे त्यांचं पालुपद. "कोकणातल्या होमस्टेला दिवस येणार बघ. घेऊन ठेवलंय." "ड्रोन उडवणाऱ्यांचं? घेऊन ठेवलंय." २०१४ साली देवनागरीतलं डॉट भारत निघालं तेव्हा त्यांनी अर्धा फराळ घेऊन ठेवला. अलीकडे डॉट एआय. ही शेपटी मुळात अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाची, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत २०२३ साली त्या बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा तिच्यातून आला. "पंधरा-सोळा हजार वस्ती," नाना म्हणतात, "आणि बसून खातायत!" त्या खाण्यात आपलाही वाटा आहे, आणि तोही दोन वर्षांचा आगाऊ, कारण डॉट एआय त्याहून कमी मुदतीला मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं धाडस मला नाही.

लग्नाकार्यात त्यांना आवरावं लागतं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, लोक अक्षता टाकतायत आणि नाना खांबाला टेकून वधूवरांची नावं जोडून बघतायत. आहेरात पाकीट नसतं, त्या जोडनावाचं डोमेन असतं, एका वर्षाचं. दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल जोडप्याकडे. जोडपं अर्थातच भरत नाही, मग "संसाराचं नाव रस्त्यावर पडायला नको" म्हणून नानाच भरतात. अशी पाच-सहा लग्नं ते स्वखर्चाने टिकवून आहेत.

बारशाला तर आत्या कानात कुर्र करायच्या आधी नानांचा फोन जातो. "स्पेलिंग फायनल केलंय का? शेवटी आणखी एक 'ए' लावा, मोकळं आहे." आमच्या विंगेतल्या एका मुलीच्या नावात असे तीन 'ए' आहेत. शाळेत बाई रोज अडखळतात. डॉट कॉम मात्र तिच्या नावावर आहे.

रात्रीचा धंदा वेगळा. एखाद्या मालकाने पैसे भरले नाहीत म्हणून नाव लगेच सुटत नाही. आधी महिना-दीड महिना सवलत, मग तीस दिवस दंड भरून सोडवायची मुभा, मग पाच दिवस काहीच हलत नाही, आणि मग ते बाजारात पडतं. अमेरिकेतल्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या आगेमागे. मोठ्या कंपन्यांची यंत्रं सेकंदाच्या आत ते झेलतात. त्या यंत्रांशी नाना चष्मा कपाळावर ठेवून, उजव्या हाताच्या एका बोटाने लढतात. "गेलं," असा आवाज वरून आला की आम्ही दिवे मालवतो.

त्यांचं पुराण म्हणजे २०१५ सालची कथा. मूळ कच्छचा एक तरुण अमेरिकेत बसला होता, त्याला 'गुगल डॉट कॉम' चक्क बारा डॉलरला विकायला दिसलं, त्याने घेतलं आणि मिनिटभर तो मालक झाला! गुगलने नाव परत घेतलं, त्याला सहा हजार सहा डॉलर तेरा सेंट देऊ केले आणि त्याने ते दान करायचं म्हटल्यावर रक्कम दुप्पट केली. "तुम्ही त्या मिनिटात काय केलं असतं?" मी एकदा विचारलं. नाना क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "दहा वर्षांचं रिन्यूअल एकदम भरलं असतं."

एक मात्र मानायला हवं, त्यांच्या धंद्याला तत्त्व आहे. दुसऱ्याच्या कंपनीच्या नावाला ते शिवत नाहीत. 'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' घेणाऱ्यांना मुंबई हायकोर्टाने १९९९ मध्ये रोखलं आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही डोमेनला ट्रेडमार्कासारखंच संरक्षण दिलं, हे दोन निकाल त्यांना व्यंकटेशस्तोत्रासारखे पाठ आहेत. २०२४ मध्ये 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' आधीच घेऊन ठेवणाऱ्या दिल्लीच्या मुलाने त्याच्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, तेव्हा नानांनी मान हलवली. पुढे ते नाव दुबईच्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं, तेव्हा मात्र नाना दोन दिवस जेवले नाहीत. "फुकट! रिन्यूअल कोण भरतं ते पोरांना ठाऊक नसतं."

विक्री झालीच नाही असं नाही. एकदा एका परदेशी माणसाने चारशे डॉलरला एक नाव नेलं. नानांनी सोसायटीभर पेढे वाटले आणि उरलेल्यात त्या वर्षीची थोडी रिन्यूअलं भरली. दुसऱ्यांदा जवळच्या एका फरसाणवाल्याने विचारलं. नानांनी तीन लाख सांगितले. त्याने 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि मधे एक आडवी रेघ घालून तेच नाव काही शेकड्यांत घेतलं. "रेघेवर धंदा चालत नाही," असं नाना बजावतात, दर रविवारी त्याच्याकडच्या रांगेत उभे राहून.

काकूंचा मोदकांचा व्यवसाय आहे. गणपतीत ऑर्डरी नाकाराव्या लागतात. त्या मोदकांना शोभेल असं फर्मास डॉट कॉम नानांकडे किती तरी वर्षं पडून आहे. काकूंनी एकदा वापरायला मागितलं. नाना म्हणाले, "वापरलेलं नाव एंड यूजर घेत नाही." काकूंनी पुन्हा विषय काढला नाही, वहीवर फोन नंबर लिहून त्यांचं छान चालतं.

गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो आला. एंड यूजर. पुण्याची मिठाईची कंपनी, हेच नाव हवं, किंमत बोलायची तयारी. नाना आंघोळीला गेले होते, फोन काकूंनी घेतला, एक हात उकडीत.

"नावाचं ते बघतात," काकू म्हणाल्या. "तुम्हाला मोदक किती हवेत ते सांगा, आज संध्याकाळपर्यंतच घेतेय."

त्याने एकावन्न सांगितले, आगाऊ पैसेही पाठवले. नावाचं बोलायला पुन्हा फोन करतो म्हणालाय.