मला ग्रँड म्हणाले!

मिरजेत जन्मलेल्या माणसाला गाण्यातलं कळतं, असा एक समज महाराष्ट्रात आहे. तो मिरजेच्या माणसांनीच पसरवलेला असून त्यात माझाही वाटा आहे. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी क्रिकेटचा चेंडू ज्या अंगणात जायचा, तिथं तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असायचे. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं चिंचेच्या झाडाखाली मी रात्र रात्र मांडी घालून बसलो आहे. एवढ्या भांडवलावर माणूस स्वतःला जाणकार समजू लागतो. प्रत्यक्षात मला वाजवता येते ती फक्त झांज. तीही भजनी मंडळानं मला मागच्या रांगेत बसवल्यापासून हळू.

लेक आणि जावई डब्लिनला असतात. आम्ही दोघं जुलैत गेलो, तेव्हा जावईबापू म्हणाले, ‘‘बाबा, तुम्हाला गाण्याचा नाद आहे, तर क्लेअरला जाऊ. मिलटाउन मालबेला.’’ आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे लहानसं गाव. विली क्लॅन्सी नावाचा पाइपवादक इथला. धंद्यानं सुतार. तो १९७३च्या जानेवारीत गेला आणि त्याच वर्षी लोकांनी त्याच्या नावानं उन्हाळी संगीतशाळा सुरू केली. ती अजून दर जुलैत भरते. सकाळी वर्ग आणि दुपारपासून रात्र सरेपर्यंत पबात बैठका. त्यांना तिथं ‘सेशन’ म्हणतात. मी म्हटलं, हे तर आपल्या उरुसासारखंच. इथूनच सगळं बिघडलं.

गावात एक मोठा रस्ता, दुतर्फा दुकानं आणि पब, आणि ज्याच्या हातात वाद्याची पेटी नाही असा माणूस शोधून सापडत नव्हता. आम्ही एका पबात शिरलो. मी चहा मागितला. पबात चहा मिळतो, दुधाच्या वेगळ्या चंबूसकट, हे इथं नोंदवून ठेवतो. स्टेज नाही, माइक नाही, निवेदक नाही. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती दोन फिडल, एक लाकडी बासरी आणि एक कॉन्सर्टिना. वाजवणारे आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. लग्नघरात बायका स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकमेकींकडे तोंड करून लाडू वळत बसतात, तशी ती बैठक होती.

त्या घोळक्यात एक खुर्ची रिकामी होती. पाठीवर जाकीट टाकलेलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझी उमर गेली, पण जाकीट हा रुमालाचाच थोरला भाऊ आहे, हे त्या क्षणी काही सुचलं नाही. मी जाकिटाची नीट घडी केली, खिडकीत ठेवली आणि बसलो. वादकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाजवत राहिले. मी मान डोलावली.

पाचेक मिनिटांत सत्तरीचे एक गृहस्थ आले. एका हातात काळ्या बिअरचा ग्लास, बगलेत पेटी. माझ्यापाशी येऊन थांबले. मी अर्धवट उठल्यासारखं केलं, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘यू आर ग्रँड, यू आर ग्रँड.’’ मी पुन्हा टेकलो. ओळख ना पाळख, तरी माणसाला माणसाची पारख असते, असं मी हिला मराठीत सांगितलं.

गृहस्थ उभेच राहिले. उभे राहून ऐकायला आवडत असेल, म्हटलं. वीसेक मिनिटांनी काउंटरवरच्या मुलीनं कुठूनसं एक स्टूल आणलं, तेव्हा त्यांनी पेटी उघडली. आत इलन पाइप्स. ‘इलन’ म्हणजे कोपराचा. यात तोंडानं फुंकत नाहीत. कोपराखाली भाता दाबून हवा भरतात आणि सुरांची नळी मांडीवर टेकवून बंद करतात. म्हणजे मांडी हा वाद्याचाच एक भाग. उभ्या माणसाला ते वाजवता येत नाही. आणि आयर्लंडमध्ये ‘यू आर ग्रँड’ म्हणजे ‘असू दे, असू दे’. हे दोन्ही मला जावयानं गाडीत सांगितलं, परत येताना.

पण गाडीला अजून वेळ होता. तोवर मी दाद द्यायला लागलो होतो.

त्यांची धून आठ-आठ मापांच्या दोन भागांची. प्रत्येक भाग दोनदा, आणि सगळी धून साधारण तीनदा वाजवायची. मग क्षणभरही न थांबता दुसरी धून, मग तिसरी. अशा माळेला ‘सेट’ म्हणतात. मी बसलो होतो तिहाईची वाट बघत. तिहाई येत नाही. समेवर कुणी डोळे मिटून थांबत नाही. पहिली धून संपून दुसरी सुरू झाली त्या सांध्यावर मी खणखणीत ‘‘क्या बात है!’’ ठोकलं आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानं. बासरीवाल्याची फुंक चुकली. मग मी ठरवलं, आता सगळ्यांनी वाजवल्याशिवाय टाळी नाही. सेट संपला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी शहाण्यासारखा हाताची घडी घालून बसलो होतो.

मग रागाचं काय, हा प्रश्न होताच. उरुसात मी वहीत लिहून घेतो, राग, ताल, गायक. इथं बासरीवाल्याला धुनेचं नाव विचारलं तर म्हणाला, ‘‘फाटकावरचं कबूतर.’’ पुढची ‘झोपाळू मॅगी’. त्याच्या पुढच्या सेटमधली एक त्याला लहानपणापासून येत होती, पण नाव माहीत नव्हतं, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. जावई म्हणाले, ‘‘तुमच्यासारखी वही घेऊन बसणारा एक जण होऊन गेलाय, बाबा.’’ फ्रान्सिस ओनील. जन्मानं आयरिश, शिकागोच्या पोलिसांचा प्रमुख. त्यानं १९०३ साली १८५० चिजांचा संग्रह छापला. बंदिशी गोळा करायला आपल्याकडे भातखंडे वकील लागले, त्यांना पोलीस लागला. माझ्या मते मुद्देमाल हुडकायला पोलीसच बरा.

बाजूच्या दुकानात सीड्या चाळताना मात्र मला एक नाव पुन्हा पुन्हा दिसलं, ‘गन आनिम’. याच्या सीडीवर गन आनिम, त्याच्या सीडीवर गन आनिम. म्हटलं, ही त्यांची भैरवी. संध्याकाळी बैठकीला परत गेलो आणि कॉन्सर्टिनावाल्या बाईंना जाणकाराच्या आवाजात फर्माईश केली, ‘‘गन आनिम होऊ द्या.’’

‘‘कुठलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुम्हाला आवडेल ते.’’

बाईंनी थोडा विचार केला आणि एक देखणी जिग वाजवली. मी हिला कोपर मारून म्हटलं, ‘‘हीच ती.’’ लेकीनं गुगल केलं. गन आनिम म्हणजे आयरिश भाषेत ‘नाव नाही’.

हिचं मात्र वेगळंच. ही दुपारी लेकीबरोबर नाचाला गेली. जोडीनं एकमेकांना धरून गरगर फिरायचं असतं. ‘‘ही तर फुगडी,’’ असं म्हणून ही आत शिरली, आणि तीन नव्या मैत्रिणी आणि सोडा ब्रेडची कृती घेऊन परत आली.

मी दुसऱ्या दिवशी बाउरान घेतला. लाकडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, दिसायला आपल्या डफाच्या कुळातला. एक हात आतून कातड्याला लावून आवाज चढवायचा-उतरवायचा आणि दुसऱ्या हातातल्या आखूड काठीनं वाजवायचा. पूर्वी तो मुख्यतः २६ डिसेंबरला दारोदार फिरणाऱ्यांच्या हातात असे. बैठकीत मानानं बसला तो १९६०च्या सुमारास, शॉन ओ रिआडा या संगीतकारामुळे. मान अजून पुरता मिळालेला नाही. बाउरान कशानं वाजवावा, तर खिशातल्या चाकूनं, असा एक विनोद तिथं शेमस एनिस या थोर पाइपवादकाच्या नावावर खपवतात. एका बैठकीत एकच बाउरान पुरे, असाही संकेत आहे. त्या बैठकीत तो एक होता. मी दुसरा काढला.

सुरुवात बरी झाली. जिगला सहाचा हिशेब, म्हणजे दादरा. रीलला केहरवा. ‘‘जमतंय की,’’ असं मी हिच्याकडे बघून पुटपुटलोही. मग त्यांनी ‘स्लिप जिग’ धरली. ती नऊची. मी दादराच चालू ठेवला. नऊवर सहा म्हणजे काय होतं, ते कागदावर मांडून बघा. एका फेरीत माझा धा त्यांच्या समेवर, पुढच्या फेरीत माझी खाली त्यांच्या समेवर, पुन्हा धा, पुन्हा खाली. एक आड एक फेरीला मी बरोबर होतो, म्हणून मला चुकतोय हे कळेना, आणि एक आड एक फेरीला चुकत होतो, म्हणून त्यांना राहवेना. बासरी थांबली. मग एक फिडल. शेवटी मी आणि कालचे ते पाइपवाले गृहस्थ, दोघंच उरलो. त्यांनी धून पुरी केली, पाइप मांडीवर आडवे ठेवले आणि अतिशय मायेनं म्हणाले, ‘‘तुम्हाला तहान लागली असेल.’’

मी चहा प्यायलो. दुधाच्या चंबूसकट.

निघताना हात मिळवून मी माफी मागितली, तर म्हणाले, ‘‘यू आर ग्रँड.’’ या वेळी मला अर्थ माहीत होता.

बाउरान सध्या मिरजेत आमच्या भिंतीवर आहे. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं. गणपतीच्या आरतीला काढला, तर शेजारच्यांनी विचारलं, ‘‘हलगी भिजली काय हो?’’ कुणाला हवा असल्यास संध्याकाळी सहानंतर यावं, काठीसकट देईन. फक्त कितीला घेतला ते विचारू नये. त्या वेळी ही घरात असते.