‘नकाशा प्रमाणात नाही’

प्रति,
गृहप्रकल्पाच्या ब्रोशरमध्ये शेवटच्या पानावरचा नकाशा काढणारे महाशय,



घर कुठल्या उपनगरात घ्यावं यावर आमच्याकडे सध्या रोज रात्री जेवणानंतर खल चालतो. सासूबाईंचं आयुष्य डोंबिवलीत गेलं, त्यामुळे त्यांच्या लेखी दुसरं गाव नाही. मेहुण्याने विरारला फ्लॅट घेतलाय, त्यामुळे त्याला सगळ्यांनी विरारला यायला हवंय. सौ.चं ऑफिस ठाण्यात, माझं अंधेरीला, आणि आमच्या बजेटचा मुक्काम बदलापूरच्याही पुढे. असा गुंता सुटणार कसा? पण तुमचे नकाशे शेजारी-शेजारी मांडले आणि लख्ख उजेड पडला. बदलापूर असो, विरार असो, उलवे असो की आसनगाव, स्टेशन पाच मिनिटांवर, हायवे दहा मिनिटांवर आणि विमानतळ वीस मिनिटांवर. म्हणजे निवडायचा प्रश्नच मिटला. मुंबई महानगर प्रदेशातलं प्रत्येक ठिकाण प्रत्येक ठिकाणापासून सारख्याच अंतरावर आहे, हा शोध आजवर एकाही भूगोलाच्या मास्तराने आम्हाला सांगितला नव्हता.

तुमच्या आधी या देशात नकाशे काढणारे लोक फारच कष्टाळू होते. विल्यम लॅम्बटन नावाच्या गृहस्थांनी १८०२ साली मद्रासजवळ साखळीने जमीन मोजायला सुरुवात केली. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट नावाचं मोजणीयंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत ते वीस वर्षं मोजत राहिले आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटात वारले. तोवरही मोजणी पुरी झाली नव्हती. बिचाऱ्यांना सुचलंच नाही की न मोजताही नकाशा निघतो. वळणं सरळ करावीत, खाडी आखडून घ्यावी, आपला प्रकल्प मधोमध सोनेरी ठिपक्याने दाखवावा आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नकाशा प्रमाणात नाही’ असं लिहून मोकळं व्हावं.

किलोमीटर टाकून मिनिटं घ्यायची ही तुमची युक्ती तर खासच. किलोमीटर कुणालाही मोजता येतात. सीएसएमटीपासून ठाणे ३४, बदलापूर ६८, तिथे गणिताला वाव नाही. मिनिटं मात्र ज्याच्या-त्याच्या नशिबाची असतात. तुमची मिनिटं रविवारी सकाळी अकराला मोजलेली असतात, हे आम्हाला साइट व्हिजिटला कळलं. रविवारी मेगाब्लॉक, म्हणून बिल्डरची गारेगार गाडी आम्हाला न्यायला आली. रस्ता मोकळा, गाण्याची धून मंद, पाच मिनिटांत पोचलो हेही खरं. तीच पाच मिनिटं सोमवारी संध्याकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत, पावसात, एका हातात भाजीची पिशवी घेऊन किती होतात, हे नकाशात दाखवायला जागा नसेल, समजू शकतो.

पाच मिनिटांवरच्या त्या स्टेशनात शिरल्यावर काय होतं, हेही तुम्ही वाचकांच्या कल्पनाशक्तीवर सोपवलंय. कल्याणला रेल्वेला दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे, आणि गाड्याही तशाच वाटल्या जातात. त्यामुळे कल्याणच्या अलीकडे की पलीकडे, हा घर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असायला हवा. तुमच्या नकाशात ती एक अखंड, जाड, निळी रेघ आहे. बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने जाऊन मग त्याच गाडीने परत येणारी माणसं या रेघेवर राहतात. फास्ट लोकल कुठे थांबते, सकाळची पहिली गाडी किती वाजता, रात्रीची शेवटची किती वाजता, महिलांच्या डब्यात पाय ठेवायला मिळतो का, यावर त्यांचं आयुष्य बेतलेलं असतं. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे जीव गेले. त्या सगळ्यांची घरंही कुठल्या ना कुठल्या स्टेशनपासून काही मिनिटांवरच होती.

आता तुमच्या भविष्यकथनाविषयी. तुमच्या नकाशात जे नाही ते ठळक असतं आणि जे आहे ते पुसट. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गावरच्या पहिल्या मेट्रोची पायाभरणी २००६ साली झाली आणि गाडी धावली २०१४ साली. अकरा-साडेअकरा किलोमीटरला आठ वर्षं. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो पाचची पायाभरणी डिसेंबर २०१८ ची. तुमच्या नकाशात मात्र त्या गाडीला दिवे लागलेत, डबे लागलेत आणि ती आमच्या होऊ घातलेल्या बाल्कनीखालून वळतेसुद्धा. ‘प्रस्तावित’ हा शब्द एका चांदणीत बसवलाय. ती चांदणी शोधायला आम्ही आजोबांचं भिंग काढलं.

नवी मुंबईचा विमानतळ हा तुमचा सर्वांत जुना मित्र. त्याची पायाभरणी झाली २०१८ साली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. पण तुमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून पनवेलच्या आसपासच्या प्रत्येक भाताच्या खाचरावर विमान उतरत होतं. ते खरोखर उतरलं, म्हणून तुमचं अभिनंदन. एवढंच विचारायचं होतं, की एक बीएचकेचा हप्ता फेडणारा माणूस वर्षातून किती वेळा विमानात बसतो? त्याला रोज लागते ती बस. ती तुमच्या कुठल्याच नकाशात मी पाहिली नाही.

अटल सेतूचंही तेच. जानेवारी २०२४ पासून तो खुला आहे, जवळजवळ बावीस किलोमीटरचा आहे आणि दिसतोही देखणा. तुमच्या नकाशात उलव्याचा माणूस त्यावरून उडी मारतो तो थेट शिवडीत. त्या पुलावर दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही आणि मोटार नेली तर एका खेपेला अडीचशे रुपये टोल सुरुवातीपासून ठरलेला, हे छापायचं राहून गेलं असावं. ज्याच्याकडे मोटार आणि रोजचा टोल आहे, तो घर शोधायला स्टेशनपासूनची मिनिटं मोजत बसत नाही, हेही कुणीतरी तुमच्या कानावर घालायला हवं होतं.

पण खरी कला दाखवण्यात नसते, गाळण्यात असते, आणि तिथे तुमचा हात धरणारा कुणी नाही. डोंबिवलीच्या नकाशात तुम्ही एमआयडीसीला ‘रोजगाराचं केंद्र’ म्हटलंय. त्याच एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये भीषण स्फोट झाले. २०२० मध्ये तिथला एक रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला होता. एवढा रंगीत मजकूर असताना तुम्ही तो काळ्या-पांढऱ्यातसुद्धा वापरला नाहीत, ही केवढी संयमाची गोष्ट.

बदलापुरात तुम्ही उल्हास नदीला ‘रिव्हर व्ह्यू’ केलंत. हा व्ह्यू जुलै २०१९ मध्ये इतका जवळ आला, की बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. तुमच्या नकाशात निळाही आहे आणि लालही, पण निळा स्विमिंग पूलचा आणि लाल ‘बुकिंग सुरू’चा.

आसनगावच्या प्रकल्पाला तुम्ही ‘धरणांच्या कुशीत’ असं नाव दिलंत. तिथल्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे, सारं खरं. ती धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि त्याच तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नळाला पाणी किती वाजता येतं, असं मी तिथल्या सेल्सच्या मुलाला विचारलं. त्याने मला क्लबहाउसची चित्रं दाखवली.

आणि आरक्षणं. विकास आराखड्यात कुठली जागा कशासाठी राखलेली आहे, हे तुम्ही कधीच काढत नाही. नालासोपाऱ्यात डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी केंद्रासाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या आणि माणसं डोळ्यांदेखत रस्त्यावर आली. कल्याण-डोंबिवलीत बनावट कागदपत्रांवर महारेरा या गृहप्रकल्प नियामकाची नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारती पाडा, असं उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. त्या इमारती विकतानाही कुणीतरी नकाशा काढलाच असेल. त्यातही शाळा पाच मिनिटांवर असेल.

तुमच्यामुळे आमच्या रात्रीच्या चर्चेचं काय झालं ते सांगतो. खरं तर आम्ही बोलायला हवं होतं ते मुलगी शाळेतून सुटल्यावर दोन तास कुणाकडे थांबेल यावर. रात्री दोनला सासूबाईंना घाम फुटला तर डॉक्टर कुठे, यावर. डोंबिवली महाग वाटते खरी, पण तिथे पोळी-भाजी केंद्र आहे, वाचनालय आहे, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्खं गाव नटून उभं असतं, या सगळ्याचे किती पैसे धरायचे, यावर. त्याऐवजी आम्ही मेट्रो पाच आधी येईल की दुसऱ्या ब्रोशरमधली मेट्रो बारा, यावर भांडलो. ज्या गाड्या अजून आल्या नाहीत त्यांच्या वेळापत्रकावरून घरात दोन दिवस अबोला होता. उपनगर निवडणं म्हणजे पुढच्या वीस वर्षांतल्या सकाळी निवडणं. तुम्ही त्या सकाळी झाकून ठेवल्या आणि आमच्या हातात एक रविवार दिलात.

कायद्याने तुम्हाला थोडा त्रास दिला, याची मला कल्पना आहे. रेरा कायद्यानुसार १ मे २०१७ ला महारेरा सुरू झालं. घराचं क्षेत्रफळ कार्पेटमध्ये सांगावं लागू लागलं, त्यामुळे ‘सुपर बिल्ट-अप’ नावाचा तोंडचा गोड घास गेला. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. तो मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्पाची मंजुरी, ताब्याची तारीख, जमिनीवरचे खटले, सगळं बाहेर येतं. तुम्ही तो कोड इतका कोपऱ्यात ढकलता, की तो पानाच्या बाहेर पडेल अशी भीती वाटते. त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं, की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यावी. आणि कलम १३ म्हणतं, की नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये. दोन्ही कलमांत तुमचा उल्लेख कुठेही नाही.

ब्रोशर उलटंपालटं करून पाहिलं. बिल्डरचं नाव आहे, आर्किटेक्टचं आहे, कर्ज देणाऱ्या बँकांची बोधचिन्हं आहेत, स्वयंपाकघरात हसणाऱ्या नटीचं नावसुद्धा आहे. नकाशाचा कर्ता तेवढा निनावी. आपले संतकवी देहाची आसक्ती सोडायला सांगत, पण अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवत. तुम्ही तीही सोडलीत.

तेव्हा एकच विनंती आहे. पुढचा नकाशा काढण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी त्या स्टेशनात या, गाडीत शिरून दाखवा, संध्याकाळी त्याच वाटेने परत जा, पालिकेत जाऊन आराखडा पाहा, आणि मग वाटेल ती मिनिटं लिहा. फक्त खाली सही करा. घर घेताना आम्हाला करारनाम्याच्या प्रत्येक पानावर सही करावी लागते, कर्जाच्या कागदांवर त्याहून जास्त, आणि त्या सह्यांसाठी वीस वर्षं हप्ते भरावे लागतात. तुम्हाला एकच करायची आहे.

कळावे,

आपला,
अजून टोकन न भरलेला एक ग्राहक