एक सबब कमी

गेली अठ्ठावीस वर्षं मी सायकल चालवत नाही आणि त्याचं कारण ट्रॅफिक आहे. एके काळी पुणं हे सायकलींचं शहर होतं, तेव्हा मागे कॅरिअरवर धाकटा भाऊ आणि हँडलला दळणाचा डबा अशा थाटात मी लक्ष्मी रोडवरून गेलेलो आहे. पुढे स्कूटरी आल्या, मग मोटारी आल्या आणि माझी सायकल जिन्याखाली गेली. "हौस खूप आहे हो, पण हा ट्रॅफिक!" असं म्हणून मी उसासा टाकतो, समोरचाही टाकतो. उसासे जुळले की विषय संपतो.

तो संपू न देणारा माणूस मला जावई म्हणून मिळाला. विमानं बनवणाऱ्या तुलूझ शहरात राहून हा गृहस्थ ऑफिसला सायकलने जातो. ऑक्टोबरात मी आणि बायको लेकीकडे गेलो, तेव्हा तिसऱ्याच दिवशी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तो म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी एक रस्ता काढलाय. साधारण ऐंशी किलोमीटर. जंगलातून. एकही गाडी नाही."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. बायकोने पाहिलं. मुंजीनंतर माझ्याकडे एवढ्या अपेक्षेने कोणी पाहिलं नव्हतं.

"रस्ता डांबरी आहे का?" मी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"नाही, ग्रॅव्हल."

ग्रॅव्हल म्हणजे खडी. पुण्यात रस्त्यावर खडी पडली की आपण निवडणूक कधी आहे ते बघतो. तिच्याविरुद्ध मी वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रव्यवहारात सहा पत्रं लिहिली आहेत. इथे त्याच खडीसाठी लोक सुट्टी काढतात, तिच्यासाठी वेगळी सायकल घेतात. ती सायकल मी नीट पाहिली. टायर रुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही. मंडईबाहेर कुलूप न लावता दोन तास ठेवलेली सायकल परत मिळते, तेव्हा साधारण अशी दिसते. घंटी मात्र होती. मी ती तीनदा वाजवून पाहिली आणि जरा धीर आला.

तुलूझहून रेल्वेने माझामे या गावी उतरलो. मेंढ्यांच्या कातड्यांवरची लोकर सोडवण्याच्या धंद्यावर हे गाव एके काळी गब्बर झालं. इथून बेदारियूपर्यंत १८८९ साली रेल्वे सुरू झाली होती. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले आणि त्या जागी बारीक खडी दाबून वाट केली. तिचं नाव ‘पासा पाईस’. तिकडच्या ऑक्सितान भाषेत याचा अर्थ मुलूख पार करून जाणारी. अशा वाटांची व्याख्याच फ्रान्सच्या वाहतूक नियमांत २००४ साली आली. त्या व्याख्येनुसार त्यांवर पायी चालणारे, घोडेस्वार आणि इंजिन नसलेली वाहनं, एवढ्यांनाच प्रवेश होता.

"आणि रेल्वेची वाट म्हणजे चढ अगदी हलका," जावई म्हणाला. "इंजिनाला चढ सोसत नाही." इंजिनाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

निघालो. दोन्ही बाजूंनी झाडी, खाली खडीचा चर्र चर्र आवाज, बाकी काही नाही. आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की मला सायकल चालवता येत नाही. मला येतं ते चुकवणं. रिक्षा कधी वळेल, बसमागून कोण उगवेल, उभ्या मोटारीचं दार कधी उघडेल, या विद्येत माझा हात धरणारा कोणी नाही. इथे चुकवायला काहीच नव्हतं. मी सवयीने मागे वळून पाहत होतो, मागे झाडं होती. डावीकडे सरकण्यासाठी हात दाखवला, तो कोणी पाहिला नाही. शेवटी एका निरुपद्रवी ओंडक्याला घंटी वाजवली, तेव्हा जावयाने विचारलं, "बाबा, ठीक आहात ना?"

वाट मधे मधे मोटारींचे रस्ते ओलांडते. अशा पहिल्याच ठिकाणी एक गाडी आली. मी अर्थातच थांबलो. गाडीही थांबली. मी तिला ‘जा’ म्हणून खूण केली. आतल्या बाईंनी हसून मला ‘जा’ म्हणून खूण केली. पुण्यात असं कोणी थांबलं तर एक तर त्याला पत्ता विचारायचा असतो किंवा गाडी बंद पडलेली असते. मी पुन्हा खूण केली. मग मागून जावई सरळ पुढे निघून गेला आणि मला जावं लागलं. बाईंनी आमच्यासाठी थांबून वर ‘बोंझूर’ही म्हटलं. मला आपलं उगाचच अपराधी वाटत राहिलं.

बारा वाजले आणि गावंच्या गावं बंद झाली. बारा ते दोन फ्रान्सच्या खेड्यात दुकानदार जेवतो, तेव्हा गिऱ्हाइकाने भुकेलं राहायचं असतं. एक ते चारची आपली परंपरा सातासमुद्रापार जिवंत आहे, हे पाहून ऊर भरून आला, पण बाटली रिकामीच राहिली. "पाणी मिळेल," म्हणत जावयाने मला एका दगडी भिंतीच्या आत नेलं. दफनभूमी! तिथे फुलझाडांसाठी नळ असतो आणि ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर सायकलवाले तिथे खुशाल बाटल्या भरतात. आपल्याकडे स्मशानातून आलं की अंघोळ करतात, इथे स्मशानात जाऊन तहान भागवतात. पाणी थंडगार होतं. ही गोष्ट अजून घरात सांगितलेली नाही.

लाबास्तीद-रुएरूच्या पुढे बोगदा आला. त्याच्या अलीकडचा पाऊस गारोन नदीतून अटलांटिकला जातो, पलीकडचा भूमध्य समुद्राला. एवढी मोठी फाळणी, पण पाटी बघावी तर बोगद्याच्या नावाची. आत गारठा आणि अंधार. मी घंटी वाजवली. दिवसभर जिची कोणी दखल घेतली नव्हती, ती घंटी दहा घंट्या होऊन परत आली. लक्ष्मी रोड झाला नुसता! मी पुन्हा वाजवली. बोगदा संपेपर्यंत वाजवत होतो.

पुढे उतार आणि चेस्टनटची जंगलं. या डोंगरांत गहू फारसा पिकत नसे, तेव्हा माणसं याच फळावर हिवाळा काढत. म्हणून त्याला ‘भाकरीचं झाड’ म्हणत. वाटेवर साळिंदराच्या पिल्लांसारखी काटेरी हिरवी बोंडं पडली होती. एक उकललेलं होतं. आत पांढऱ्या मखमलीत तीन तपकिरी बिया, नुकती पॉलिश केल्यासारख्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. बघायला वाकलो आणि दुसरं बोंड हेल्मेटवर आदळलं. झाडांच्या पलीकडे कुत्रे भुंकले, मग बार उडाला. शिकारीचा हंगाम होता. जावयाने मला सकाळपासून नारिंगी जाकीट का घातलं होतं, ते आत्ता कळलं. ट्रॅफिक नव्हता, नेम मात्र होता.

चेन पडली, तेव्हा ती बसवता बसवता जावयाने व्हेलोसिओची गोष्ट सांगितली. खरं नाव पॉल द व्हिव्ही, जन्म १८५३चा, मुक्काम सेंट-एतिएन. फ्रान्सला सायकलवर हिंडायला शिकवणारा माणूस. गिअर हवेत म्हणून त्याने लेखणी झिजवली, पण टूर द फ्रान्समध्ये १९३७पर्यंत गिअर बदलायच्या यंत्राला बंदीच होती. मी त्या बंदीच्या बाजूचा. माझ्या सायकलीला एकच गिअर होता, जोर! व्हेलोसिओने हिंडणाऱ्यांना नियमही घालून दिले. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. हे आमच्याकडे बायको फ्रेंच न शिकता सांगते. शेवटचा नियम असा, की दिखाव्यासाठी पायडल मारू नका. तो मी तंतोतंत पाळला. पाहायलाच कोणी नव्हतं.

संध्याकाळी ओलार्गला पोचलो. जुन्या दगडी पुलाच्या कमानीखाली नदी, वर डोंगरावर घरं. पन्नासेक किलोमीटर झाले होते. रात्री लेकीचा फोन आला. "बाबा, कमाल आहे! मग आता पुण्यात पण सुरू करणार ना?"

अठ्ठावीस वर्षांची सबब एका दिवसात गेलेली. मी क्षणभर गप्प झालो. मांड्या ठणकत होत्या. पण अस्सल पुणेकर फार वेळ निराधार राहत नाही.

"हौस खूप आहे गं," मी उसासा टाकला, "पण तिथे असा रस्ता कुठाय?"

पलीकडून उसासा आला नाही. मागून जावयाचा आवाज आला, "उद्या अजून तीस किलोमीटर आहेत, बाबा. आणि घंटी आज रात्री मी काढून ठेवतोय."